औषधाला दाद न देणारा हिवताप

हिवतापावरील औषधांचा इतिहास बहुतेक वेळा शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिये आणि काव्हांतू या दोघा रसायनज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले, १९३४ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरझाग यांनी क्लोरोक्वीन तयार केले आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी चीनमध्ये तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्टेमिसिनिन हाती आणले. या तीन शोधांमुळे वाचलेल्या जिवांची गणती करणे कोणालाही शक्य नाही. याच दोनशे वर्षांचा आणखी एक इतिहास परजीवीच्या जनुकांत लिहिला गेलेला आहे, आणि त्यात प्रत्येक औषधाच्या नावापुढे ते कोठे व केव्हा निकामी होऊ लागले याची नोंद सापडते. प्रस्तुत व्याख्यान या दुसऱ्या इतिहासाविषयी आहे. त्याची निकड समजण्यास एक आकडा पुरेसा आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले व ५ लाख ९७ हजार माणसे दगावली, त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले होती, आणि फाल्सिपेरम हिवतापातून अशा मुलांना वाचवण्यासाठी आज जवळजवळ सर्वत्र एकाच कुळातील औषधांवर भिस्त आहे.

औषध लागू पडेनासे झाले की 'अंगाला औषधाची सवय झाली' असे सर्रास म्हटले जाते. ही समजूत मुळातच दुरुस्त करावी लागते, कारण सवय रुग्णाच्या अंगाला झालेली नसते आणि परजीवीलाही झालेली नसते. एखादा परजीवी औषध सोसून सोसून कणखर होत नाही. तो एक तर मरतो किंवा जन्मतःच त्याच्या जनुकांत असलेल्या एखाद्या फरकामुळे वाचतो, आणि जे वाचतात त्यांचीच संतती पुढच्या रुग्णाच्या रक्तात उतरते. औषध हा फरक निर्माण करत नाही, ते त्याची निवड करते. हा भेद केवळ शास्त्रीय काटेकोरपणासाठी सांगितलेला नाही. फरक घडणे माणसाच्या हाती नसले तरी निवड कशी आणि किती जोराने व्हावी हे औषध कोण, किती, कशासोबत आणि किती दिवस देतो यावर ठरते, आणि म्हणून प्रतिरोधाचा हा सारा इतिहास बऱ्याच अंशी माणसाच्या निर्णयांचाही इतिहास आहे.

हिवतापाचा परजीवी म्हणजे प्लास्मोडियम या प्रजातीतील एकपेशीय जीव होय. माणसात आढळणाऱ्या त्याच्या जातींपैकी सर्वांत घातक ती फाल्सिपेरम, आणि भारतात तिच्याइतकीच परिचित असलेली दुसरी व्हायवॅक्स. ॲनाफिलीस डासाची मादी चावताना तिच्या लाळेतून हे परजीवी माणसाच्या शरीरात शिरतात, प्रथम यकृतात वाढतात, मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत घुसतात, आणि फाल्सिपेरमच्या बाबतीत साधारण दर ४८ तासांनी एका पेशीतून १६ ते ३२ नवे परजीवी बाहेर पडून नव्या पेशी शोधतात. त्यांतील थोडे नर-मादी रूपांत, म्हणजे युग्मकपेशींत, बदलतात. डासाने रक्त शोषले की त्याच्या पोटात त्यांचा संयोग होतो, आणि याच एका टप्प्यावर दोन निरनिराळ्या परजीवींच्या जनुकांची सरमिसळ होऊ शकते. आजारी माणसाच्या रक्तात एका वेळी हजार कोटी ते लाख कोटी परजीवी असू शकतात, हा आकडा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व गणित त्यावर उभे आहे.

फाल्सिपेरमचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००२ साली प्रसिद्ध झाला. तो १४ गुणसूत्रांवर पसरलेला असून त्यात सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे आणि ५,३००च्या आसपास जनुके आहेत. येथे अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतील चार रासायनिक घटकांपैकी एक. परजीवी दुभंगतो तेव्हा या सर्व अक्षरांची नक्कल होते, आणि पोथी उतरवून घेणाऱ्या लेखनिकाच्या हातून क्वचित एखादे अक्षर बदलावे तसे येथेही घडते. या बदलास उत्परिवर्तन म्हणतात. तीन अक्षरांचा एक गट एका अमिनो आम्लाची निशाणी असतो आणि अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रथिन, त्यामुळे एक अक्षर बदलल्याने प्रथिनातील एक मणी बदलू शकतो. एवढ्याशा बदलाने किती उलथापालथ होते हे विदर्भातील लोकांना वेगळे सांगावयास नको, कारण तेथील अनेक आदिवासी व अन्य कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनमधील एकाच अमिनो आम्लाच्या अदलाबदलीतून होतो, आणि ज्यांना ही अदलाबदल आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळालेली असते त्यांना फाल्सिपेरमच्या गंभीर आजारापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ती टिकून राहिली. परजीवीने माणसाच्या जनुकांत निवड घडवली आणि माणसाने परजीवीच्या. दुसरी निवड तेवढी पन्नास-साठ वर्षांत उरकली.

एका ठरावीक अक्षरात चूक होण्याची शक्यता एका नकलेमागे शंभर कोटींत एक किंवा त्याहूनही कमी असते. हे प्रमाण नगण्य भासते, परंतु ज्या शरीरात लाख कोटी परजीवी आहेत तेथे जवळजवळ प्रत्येक अक्षरातील चूक कोठे ना कोठे होऊन गेलेली असते. म्हणजेच एका बदलाने साध्य होणारा प्रतिरोध औषधाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीच रुग्णाच्या रक्तात हजर असू शकतो. तरीही प्रत्येक रुग्णात औषध निकामी होत नाही, याची कारणे पुढील अडथळ्यांत आहेत: अनेकदा एका बदलाने भागत नाही, बदललेला परजीवी इतरांच्या तुलनेत दुबळा असतो, रुग्णाची रोगप्रतिकारशक्ती उरल्यासुरल्या परजीवींना संपवते, आणि या सर्वांतून वाचला तरी त्याला युग्मकपेशी होऊन डासापर्यंत पोहोचावे लागते. क्लोरोक्वीनचा इतिहास या अडथळ्यांचा आणि ते कसे पार झाले याचा सर्वांत स्पष्ट दाखला आहे.

परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन खाऊन जगतो. त्याच्या पेशीत एक आम्लधर्मी पचनपोकळी असते. तेथे हिमोग्लोबिन पचवताना हीम नावाचा लोहयुक्त भाग मोकळा होतो, आणि तो परजीवीला विषारी असल्याने परजीवी त्याचे निरुपद्रवी काळे स्फटिक बनवून ठेवतो. हेच ते काळसर रंगद्रव्य, जे १८८० साली अल्जीरियात लाव्हरां यांना रुग्णाच्या रक्तात दिसले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत दिसले, आणि ज्याच्या खुणेवरून परजीवीची व डासाची दोन्ही ओळख पटली. क्लोरोक्वीन पचनपोकळीत साचते आणि स्फटिक बनू देत नाही, त्यामुळे परजीवी स्वतःच्याच अन्नाच्या विषाने मरतो. औषध स्वस्त, सुरक्षित आणि तोंडाने घेण्याजोगे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पोहोचले आणि त्याच्या बळावर हिवतापाच्या समूळ उच्चाटनाच्या गोष्टी होऊ लागल्या.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस दोन ठिकाणांहून, कोलंबिया आणि थायलंड-कंबोडियाची सीमा येथून, क्लोरोक्वीन लागू न पडल्याच्या वार्ता आल्या. सीमेवरील पैलिन हा कंबोडियाचा भाग माणिक व नीलमण्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. खाणींत काम करण्यासाठी दूरदूरचे मजूर तेथे येत, त्यांतील अनेकांना हिवतापाची पूर्वी लागण न झाल्याने त्यांच्या ठायी प्रतिकारशक्ती नसे, आणि जंगलातील डास भरपूर. याच भागात १९६०च्या दशकाच्या आरंभी रोजच्या मिठात हिवतापाचे औषध मिसळून वाटण्याचा प्रयोग झाला. ही पद्धत ब्राझीलच्या मारियो पिनोती यांनी पुढे आणलेली होती आणि तिच्यामागील हेतू निर्विवाद चांगला होता: जेथे दवाखाना नाही तेथेही मीठ पोहोचते. परंतु मिठातून मिळणारी मात्रा प्रत्येकाने किती मीठ खाल्ले यावर अवलंबून राहिली, आणि असंख्य माणसांच्या रक्तात औषधाची अशी पातळी दीर्घकाळ टिकली जी बळी पडणाऱ्या परजीवींना मारी पण किंचित वेगळ्या परजीवींना मोकळे रान देई. प्रतिरोधाची पहिली चिन्हे मिठाच्या आधीची असल्याने सारा दोष मिठावर टाकता येणार नाही. तथापि निवडीला इतका अनुकूल प्रसंग एरवी कोणी ठरवूनही उभा केला नसता, असे म्हणणे भाग आहे.

नेमका कोणता जनुकीय बदल क्लोरोक्वीनला निकामी करतो हे कळण्यास मात्र २००० साल उजाडले. अमेरिकेतील टॉमस वेलेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होंडुरासमधील, क्लोरोक्वीनला बळी पडणारा परजीवी आणि इंडोचायनातील, न पडणारा परजीवी यांचा संकर घडवला, त्यांच्या संततीत प्रतिरोध कोणाकोणात उतरला ते पाहिले आणि तो गुणधर्म सातव्या गुणसूत्राच्या एका लहानशा तुकड्याशी जोडलेला असल्याचे दाखवले. त्या तुकड्यातील एका जनुकावर प्रथम संशय गेला आणि तो चुकीचा ठरला. खरा जनुक तेरा तुकड्यांत विखुरलेला असल्यामुळे आधीच्या वाचनात नजरेतून निसटला होता. डेव्हिड फिडॉक, वेलेम्स आणि इतरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या जनुकाला पीएफसीआरटी असे नाव आहे, आणि त्याचे प्रथिन पचनपोकळीच्या आवरणात बसलेले असते. त्यातील ७६ व्या स्थानी लायसीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन आले की दार उघडते. लायसीनवर धन विद्युतभार असतो, आणि आम्लधर्मी पोकळीत क्लोरोक्वीनवरही धन भार असल्याने मूळ प्रथिन त्याला बाहेर जाऊ देत नाही. लायसीन गेले की तो भार जातो आणि औषध पोकळीतून बाहेर वाहू लागते. याच्या जोडीला त्याच प्रथिनात आणखी काही बदल आढळतात, कारण ७६ व्या स्थानाचा बदल एकटा आल्यास परजीवीचे स्वतःचे व्यवहार बिघडतात आणि इतर बदल त्याची भरपाई करतात. क्लोरोक्वीन इतकी वर्षे टिकले याचे मर्म येथे आहे: एकाच परजीवीत इतक्या गोष्टी जुळून येणे फार दुर्मीळ आहे.

दुर्मीळ होते म्हणूनच ते जेथे जुळले तेथून प्रवासाला निघाले. प्रतिरोधी जनुकाच्या शेजारची अक्षरे तपासली असता असे दिसले की जगभरातील क्लोरोक्वीन-प्रतिरोध मोजक्या ठिकाणी उगम पावला आणि आफ्रिकेतील प्रतिरोधी परजीवींचे कूळ आग्नेय आशियातील आहे. भारतात १९७३ साली आसाममधील कार्बी आंगलाँग भागातून क्लोरोक्वीनला दाद न देणाऱ्या फाल्सिपेरमची पहिली नोंद झाली, १९७८ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतील केनिया व टांझानियात तो आढळला आणि पुढील दशकभरात खंडाच्या पश्चिम टोकापर्यंत गेला. सेनेगलमधील ज्या गावांत मृत्यूंची काळजीपूर्वक नोंद ठेवली जात होती तेथे लहान मुलांचे हिवतापाने होणारे मृत्यू प्रतिरोध आल्यानंतर काही पटींनी वाढलेले आढळले. दुसरे औषध महाग होते, पहिले स्वस्त होते, आणि निकामी झाल्याचे दिसत असूनही अनेक देशांनी ते वर्षानुवर्षे वाटणे चालू ठेवले. क्लोरोक्वीनच्या इतिहासातील सर्वांत दुःखद भाग हा आहे, आणि त्याला उत्परिवर्तन जबाबदार नाही.

मलावी या छोट्या आफ्रिकी देशाने वेगळा मार्ग धरला. १९९३ साली त्याने क्लोरोक्वीन देशभरातून मागे घेतले आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हे जोड-औषध सुरू केले. असा निर्णय घेणारा तो आफ्रिकेतील पहिला देश होता. त्यानंतर घडले ते संशोधकांनाही अनपेक्षित होते. ७६ व्या स्थानी बदल असलेल्या परजीवींचे प्रमाण १९९२ साली ८५ टक्के होते, २००० साली ते १३ टक्क्यांवर आले, आणि ब्लँटायर येथे मुलांवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्वीन ९९ टक्के मुलांत गुणकारी ठरले, तर त्याची जागा घेतलेले जोड-औषध केवळ २१ टक्के मुलांत. बदललेले जनुक उलटे फिरून मूळ रूपात आले नव्हते. कोपऱ्याकोपऱ्यांत तग धरून राहिलेले जुने परजीवी औषधाचा दाब हटताच पुन्हा पसरले, कारण औषध नसलेल्या जगात तेच अधिक सशक्त होते. प्रतिरोधाची किंमत परजीवीला मोजावी लागते, हे प्रयोगशाळेत ठाऊक होते. मलावीने ते एका संपूर्ण देशाच्या पातळीवर सिद्ध केले. अॅटोव्हाक्वोन या औषधाच्या बाबतीत ही किंमत आणखी जबर आहे. त्याला निकामी करणारे बदल परजीवीच्या सूत्रकणिकेतील जनुकात होतात, रुग्णाच्या रक्तात असे परजीवी वाढू शकतात, परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ते डासाच्या शरीरातील टप्पा पार करू शकत नाहीत असे आढळले. अशा ठिकाणी वार करणारी औषधे शोधणे, म्हणजे जेथून सुटका करून घेताना परजीवी स्वतःचा वंश खुंटवतो असे स्थान हेरणे, ही दिशा सध्याच्या संशोधनात सर्वांत आशादायक वाटते.

सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची कथा थोडक्यात सांगता येते. परजीवी स्वतःला लागणारे फोलेट हे जीवनसत्त्व स्वतःच बनवतो, माणूस ते अन्नातून मिळवतो, आणि या जोड-औषधातील दोन घटक फोलेट बनवण्याच्या साखळीतील दोन निरनिराळी विकरे बंद पाडतात. पायरिमेथामिनविरुद्धचा बदल प्रथम विकराच्या १०८ व्या स्थानी होतो, मग ५१ व ५९ या स्थानी, आणि शेवटी १६४ व्या. प्रत्येक पायरीगणिक औषध अधिक निष्प्रभ होत जाते. पहिली पायरी एका अक्षराची असल्यामुळे ती सहज चढली जाते, आणि थायलंडमध्ये हे औषध आल्यावर फार थोड्या काळात अपयशाच्या नोंदी सुरू झाल्या. आफ्रिकेत तीन पायऱ्या चढलेला परजीवी तेथेच वारंवार घडला असावा असा समज होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचेही कूळ आग्नेय आशियात असल्याचे दाखवले. दोन औषधे, दोन अगदी निराळी जनुके, दोन निराळी गुणसूत्रे आणि प्रवासाची वाट मात्र तीच.

मेकाँग नदीच्या त्याच टापूतून वारंवार प्रतिरोध का निघतो, या प्रश्नावर बरेच लिहिले गेले आहे, आणि सर्वाधिक पटणारे उत्तर बुचकळ्यात टाकणारे आहे: तेथे हिवताप कमी आहे म्हणून. आफ्रिकेतील ज्या गावात माणसाला वर्षातून अनेकदा लागण होते तेथील प्रौढांच्या अंगी बरीच प्रतिकारशक्ती असते, त्यांतील पुष्कळांना ताप येत नाही, ते औषध घेत नाहीत, आणि त्यांच्या रक्तात औषधाचा दाब नसलेले परजीवी सुखाने राहतात. शिवाय एकाच माणसात अनेक कुळांचे परजीवी असल्याने नवा, दुबळा, बदललेला परजीवी स्पर्धेत मागे पडतो आणि डासाच्या पोटातील सरमिसळीत त्याचे जुळून आलेले बदल विखुरले जातात. मेकाँगच्या टापूत लागण विरळ, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी, जवळजवळ प्रत्येक लागण आजारात परिणत होते, प्रत्येक आजारी माणूस औषध घेतो, एका माणसात बहुधा एकाच कुळाचे परजीवी असतात आणि त्यांचा संयोग आपसांतच होतो. जुळलेले बदल जुळलेलेच राहतात. भर म्हणून तेथे दीर्घकाळ बनावट व कमी मात्रेच्या गोळ्या विकल्या गेल्या. हिवताप कमी होत जाणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने, आणि भारत आज तसाच प्रदेश आहे, हे उत्तर स्वतःला लावून पाहिले पाहिजे.

आर्टेमिसिनिनचा शोध २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये सुरू झालेल्या 'प्रकल्प ५२३' मधून लागला. तू यूयू यांनी चौथ्या शतकातील गे होंग यांच्या वैद्यकग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घेण्याची सूचना वाचली, उकळल्याने औषधी गुण नष्ट होत असावा असा तर्क केला आणि कमी तापमानावर ईथर वापरून अर्क काढला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रेणूत ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक पूल असतो, परजीवीने हिमोग्लोबिन पचवताना मोकळ्या झालेल्या हीममधील लोहाशी गाठ पडताच तो पूल तुटतो, आणि त्यातून निघणारे क्रियाशील कण परजीवीच्या प्रथिनांची नासधूस करतात. दर ४८ तासांच्या आवर्तनात परजीवींची संख्या सुमारे दहा हजार पटींनी घटवण्याची शक्ती त्यात आहे, मात्र ते रक्तातून काही तासांतच नाहीसे होते. म्हणून तीन दिवसांचा आर्टेमिसिनिन-वर्गीय उपचार आणि त्यासोबत रक्तात रेंगाळणारे दुसरे औषध असा संयुक्त उपचार देण्याचे धोरण आले. त्यामागील गणित वर आलेलेच आहे: एका औषधाविरुद्धचा बदल शंभर कोटींत एकदा घडत असेल, तर दोन्ही औषधांविरुद्धचे बदल एकाच परजीवीत एकाच वेळी घडण्याची शक्यता या दोन अपूर्णांकांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे व्यवहारात शून्यवत असते. या गुणाकाराला एकच अट आहे. सोबतीचे औषध आधीच निकामी झालेले असता कामा नये.

ती अट पैलिनमध्ये मोडलेली होती. शिवाय त्या टापूत आर्टेमिसिनिन-वर्गीय औषधे कित्येक वर्षे एकटीही वापरली गेली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायलंडमधील वांग फा येथे रुग्णांचे रक्त परजीवीमुक्त होण्यास मध्यक ४८ तास लागत होते, तर पैलिनमध्ये ८४ तास. औषध पूर्णपणे निकामी झालेले नव्हते, ते मंदावले होते. म्हणून यास आंशिक प्रतिरोध म्हणतात. त्याचा जनुकीय माग काढण्यासाठी फ्रेदरिक आरिये, दिदिये मेनार आणि सहकाऱ्यांनी निवडलेली वाट लक्षणीय होती. आफ्रिकेतून मिळालेल्या एका परजीवी-वंशाला प्रयोगशाळेत पाच वर्षे वाढत्या मात्रेने आर्टेमिसिनिन देण्यात आले, मग त्याच्या सुरुवातीच्या व अखेरच्या जनुकीय आराखड्यांची अक्षरशः तुलना केली गेली, आणि त्यात तेराव्या गुणसूत्रावरील केल्च-१३ या जनुकातील बदल सापडला. तोच जनुक कंबोडियातील रुग्णांच्या परजीवींत तपासला असता मंद परिणामाशी त्याचा घनिष्ठ संबंध दिसून आला. २०१४ च्या जानेवारीत ते प्रसिद्ध झाले. या जनुकाच्या ५८० व्या स्थानी सिस्टीनऐवजी टायरोसीन येण्याचा बदल कंबोडियात सर्वाधिक पसरला. केल्च-१३ चे प्रथिन कोवळ्या परजीवीला तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन आत ओढून घेण्यास मदत करते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. बदललेला परजीवी आयुष्याच्या पहिल्या काही तासांत कमी खातो, त्यामुळे हीम कमी सुटते, आर्टेमिसिनिनला जागे करणारी ठिणगीच पडत नाही, आणि औषध रक्तातून ओसरेपर्यंत तो अर्धपोटी तग धरतो. पुढे त्याच कुळातील परजीवींत प्लाझ्मेप्सिन नावाच्या जनुकांच्या जादा प्रती आल्या, सोबतीचे पिपेराक्विनही निकामी झाले, आणि दोन्ही औषधे पचवणारे हे कूळ कंबोडियातून ईशान्य थायलंड, दक्षिण लाओस व व्हिएतनामपर्यंत गेले.

यापूर्वीच्या दोन्ही वेळांप्रमाणे हेही कूळ आफ्रिकेत जाऊन पोहोचेल, अशी भीती होती आणि सर्व बंदोबस्त त्या दृष्टीने आखला जात होता. घडले वेगळेच. २०२० साली रवांडातील परजीवींत केल्च-१३ च्या ५६१ व्या स्थानी बदल असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि शेजारची अक्षरे तपासता ते परजीवी आशियातून आलेले नसून तेथेच घडलेले निघाले. पाठोपाठ युगांडात ४६९ व ६७५ या स्थानी, आणि इरिट्रियात ६२२ व्या स्थानी झालेले बदल रुग्णांतील मंद परिणामासह नोंदवले गेले. सीमेवर पहारा ठेवून प्रतिरोध अडवता येईल ही कल्पना त्यामुळे कायमची निकालात निघाली आहे. जेथे औषधाचा दाब आहे तेथे तो स्वतंत्रपणे उगवू शकतो. इरिट्रियाने आणखी एक इशारा दिला: तेथील अनेक परजीवींत एचआरपी-२ हे जनुकच गळून पडलेले आढळले. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केल्या जाणाऱ्या शीघ्र निदान चाचण्यांपैकी बऱ्याच चाचण्या याच जनुकाचे प्रथिन शोधतात, तेव्हा असा परजीवी अंगात असूनही चाचणी नकारार्थी येते आणि रुग्णाला औषधच मिळत नाही. औषधाप्रमाणे चाचणीही निवड करते.

भारतात २००५ पासून क्लोरोक्वीन-प्रतिरोधी भागांत आणि २०१० पासून सर्वत्र फाल्सिपेरमसाठी आर्टेसुनेटसह सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन हा संयुक्त उपचार स्वीकारला गेला, आणि तोंडाने घ्यावयाच्या एकट्या आर्टेमिसिनिन-वर्गीय औषधांवर २००९ साली बंदी आली. ईशान्येकडील राज्यांत फोलेटच्या साखळीतील बदल पुढच्या पायऱ्यांवर पोहोचल्याने सोबतीचे औषध अपुरे पडू लागले. २०१३ च्या राष्ट्रीय औषधधोरणात तेथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन देण्याचे ठरले. काही अक्षरांच्या वाचनावरून एका प्रदेशाचा उपचार वेळीच बदलला गेला, याचे श्रेय राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्था व त्या राज्यांतील आरोग्य कर्मचाऱ्यांना द्यावयास हवे. २०१८ साली कोलकात्यातील संशोधकांनी पश्चिम बंगालमधील काही रुग्णांत केल्च-१३ मधील बदल व मंद परिणाम नोंदवले. देशभर तसे पसरल्याचा पुरावा नाही, परंतु ईशान्येतून प्रतिरोध भारतात एकदा शिरलेला आहे, हे १९७३ ची नोंद सांगते.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने गडचिरोलीचा आहे. छत्तीसगडला लागून असलेल्या तेथील जंगलपट्ट्यात फाल्सिपेरमचे प्रमाण मोठे आहे, पावसाळ्यात अनेक पाडे तुटतात, आणि उपचाराची सारी मदार आशा कार्यकर्ती व हिवताप विभागाच्या कर्मचाऱ्यांवर असते. रुग्णाला ताप उतरताच, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी, बरे वाटू लागते आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात; येथपर्यंत वर्णिलेल्या विज्ञानाच्या दृष्टीने हे अपुरे उपचार म्हणजे पैलिनच्या मिठाचीच लहान आवृत्ती आहे. तिन्ही दिवसांच्या गोळ्या शक्य तेथे कार्यकर्तीसमक्ष दिल्या जाव्यात. युग्मकपेशी मारणारी प्रायमाक्वीनची एक मात्रा टाळली जाऊ नये, कारण वाचलेला परजीवी डासापर्यंत पोहोचू न देणारे औषध तेच आहे. अर्थात गर्भवती आणि तान्ही मुले यांना ती देता येत नाही, हा नियम कर्मचाऱ्यांना ठाऊक असतोच. ज्यांच्या हाती जिल्ह्याचे नियोजन आहे त्यांनी आणखी एक काम आपले मानावे. फाल्सिपेरमच्या रुग्णाचे रक्त उपचाराच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा काचपट्टीवर घेतले जावे, त्यात परजीवी दिसल्यास रक्ताचा एक थेंब गाळणकागदावर वाळवून जनुक-तपासणीसाठी पाठवला जावा, आणि निकाल त्याच तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत परत यावा. पैलिनमध्ये आणि रवांडात प्रतिरोधाचा सुगावा अशाच लागोपाठच्या रक्ततपासणीतून व जपून ठेवलेल्या थेंबांतून लागला. या कामासाठी सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या आणि गाळणकागद लागतात, आणि हिवतापाची तपासणी चालते त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक व काचपट्ट्या आधीपासूनच आहेत.